गौरीच्या दाताची कडी

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसले की कोण ना कोण आईबाप भेटतातच. "दुधाचाच दात हाय की हो, त्याला एवढं काय करायचं?" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. मी सुरू होते. परवा दातांच्या डॉक्टर मॅडमच म्हणाल्या, "गौरीच्या आई, हे सगळं एकदा लिहूनच काढा. वाचतील तरी लोक." मला लिहायची सवय नाही. नऊ वर्षं एसटीत कंडक्टर आहे, लिहिणं म्हणजे ड्युटीचा कागद भरायचा तेवढंच. पण म्हटलं, लिहू. दातांचं शास्त्र मॅडमना विचारा. मी आमच्या घरात काय झालं ते सांगते, आमच्या चुकांसकट.

गाल सुजला

गौरी तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत होती. दाढ दुखतीया म्हणून महिनाभर कुरकुरत होती. मी लवंग ठेवायची आणि ड्युटीला पळायची. एके दिवशी सकाळी उठली ती उजवा गाल टम्म फुगलेला, डोळा निम्मा झाकलेला, अंगात ताप.

राजारामपुरीत लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडं नेली. मॅडमनी फोटो काढला, आणि खालची दाढ मुळापासून किडलीय, पू झालाय, आता वाचत नाही म्हणाल्या. का किडली ते मला न सांगता कळलं. तीन वर्षांची होईस्तोवर साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच ती झोपायची. मीच द्यायची. दमून आलेल्या बाईला पोर गप झोपलं की देव पावल्यासारखं वाटतं, त्यात दात कुणाला आठवतोय?

"काढा की मग," मी म्हटलं. "दुधाची हाय, दुसरी यील."

"येईल, पण चार वर्षांनी," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत तिथं मोकळी जागा राहिली की मागची दाढ पुढं सरकते. मग नवीन दाढ यायला जागाच उरत नाही. म्हणून तिथं एक कडी बसवायची. स्पेस मेंटेनर म्हणतात."

माझं डोकं फिरलं. पोरगी तापानं फणफणलीय आणि ह्यांना पुढच्या चार वर्षांची पडलीय! मी तोंडावरच विचारलं, "मॅडम, हे गिऱ्हाईक धरायचं काम न्हाई न्हवं?"

मॅडम चिडल्या नाहीत. माझ्या अंगावरच्या खाकीकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या गाडीत खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतात की नाही? ही कडी म्हणजे तो रुमाल."

"त्या रुमालावरनं रोज भांडणं हुत्यात माझ्या गाडीत," मी म्हटलं. पण गोष्ट डोक्यात शिरली. दाढ काढली, सूज उतरली, आणि पंधरा दिवसांनी कडी बसवायची ठरली.

पप्पांचं काम

इथं गौरीच्या पप्पांबद्दल सांगायला पाहिजे. ते चांदीकाम करतात. मूळचे हुपरीचे, आता मंगळवार पेठेत आमच्या घरातच मधल्या खोलीत टेबल टाकून पैंजणांच्या कड्या जोडायचं आणि झाळायचं, म्हणजे बत्तीच्या आचेवर सांधायचं काम. दिवसभर हातात चिमटा, समोर गॅसची बत्ती, डोळ्याला भिंग. अबोल माणूस. त्यांच्या वाट्याचंही मीच बोलते.

कडी बसवली त्या दिवशी ते मुद्दाम काम बंद ठेवून आले. मागच्या दाढेभोवती पट्टीची एक अंगठी, तिला झाळलेली बारीक तार, आणि ती तार मोकळ्या जागेतनं पुढच्या दाताला टेकलेली. घरी आल्यावर ह्यांनी गौरीला टेबलाजवळ बसवलं, दिवा ओढला आणि भिंग लावून कितीतरी वेळ बघत राहिले.

"झाळ काय स्वच्छ हाय गं," मला म्हणाले. "हात बसलेला माणूस हाय कुणीतरी."

मॅडमनी बजावून सांगितलं होतं: चिकट काही द्यायचं नाही, चिक्की नको, च्युइंगम नको. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. सैल वाटली तर लगेच यायचं. पहिल्या वेळी आम्ही गेलो. दुसऱ्या वेळी माझ्या ड्युट्या आडव्या आल्या. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं, आणि मग ते राहिलंच. कडी दिसत होती, पोरगी जेवत होती, मला सगळं ठीकच वाटत होतं.

सैल झाली

एका गुरुवारी शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाला चिक्की वाटली. गौरी घरी आली ती जिभेनं कडी खालीवर करतच. मी बोट लावलं तर अख्खी कडी माझ्या हातात आली.

दवाखान्यात फोन केला. मॅडम परगावी गेल्या होत्या, सोमवारी येणार. फोनवरच्या पोरीनं नीट सांगितलं, "डबीत घालून ठेवा, परत तोंडात घालू नका, सोमवारी घेऊन या." तिची काही चूक नाही, हे मला लिहूनच ठेवायचंय.

ह्यांच्या मात्र जिवाला घोर लागला. "चार दिवस जागा मोकळी ठेवायची? मॅडमच म्हणाल्या की, दाढ पुढं सरकती."

"चार दिसांत कुठं पळून चाललीया ती दाढ?"

"आणि सरकली म्हंजे?"

मला शुक्रवारी पहाटेची ड्युटी होती, भाकऱ्या थापायच्या होत्या, सोमवारी गडहिंग्लजची फेरी होती आणि रजा मागून साहेबाचं तोंड बघायचा मला वीट आला होता. मी तव्यावरनं नजर न हलवता म्हटलं, "मग बसवा की तुम्हीच. रोज शंभर कड्या आवळताय, त्यात आणि एक."

टोमणा होता तो. पण माझ्या मनातनं जरासा खराही होता. सोमवारची रजा वाचत होती.

शुक्रवारी मी घरी आले तेव्हा काम झालेलं होतं. ह्यांनी कडी पाण्यात उकळली, पुसली, पैंजणाची कडी आवळतात तशी चिमट्यानं चहूबाजूनं आवळली आणि दाढेवर दाबून बसवली. गौरी मिरवत होती. "मम्मी, पप्पांनी केली! टक्कन बसली!" मी बोटानं हलवून बघितली. हलली नाही. आत मॅडम एक सिमेंट लावतात, त्यानं ती धरून राहते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

"झक्कास," मी म्हटलं. खरंच म्हटलं. नवऱ्याचं कौतुक वाटलं मला त्या दिवशी.

ठसका

रविवारी मला सुट्टी होती. दुपारी भडंग केलं. गौरी टीव्हीपुढं बसून मूठमूठ तोंडात टाकत होती, कशावर तरी खदखदून हसली आणि तिला ठसका लागला. साधासुधा नाही. तोंड लालबुंद, डोळ्यांतनं धारा, श्वास आत ओढायला येईना. मी पाठीत थापट्या मारल्या, पाणी पाजलं, गूळ दिला. पाच मिनिटांनी थांबलं. "तिखट जास्त पडलं वाटतं," मी म्हटलं आणि वाटी उचलून ठेवली.

संध्याकाळी तिचे दात घासताना बघते तर कडी नाही.

आम्ही दोघांनी अंथरूण झटकलं, भडंगाचा डबा परातीत ओतून चिवडला, मोरी बघितली. मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं. "पोटात गेली असंल," मी म्हटलं. "पडंल दोन दिसांत." आमच्याकडं पोरानं नाणं गिळलं की केळी चारतात. मी चार केळी आणली. पुढचे दोन दिवस आम्ही काय काय काडीनं उसकटून बघितलं ते सांगत नाही, आईबापांना कळेल.

सोमवारी मॅडमकडं गेलो नाही. कडी हातात नाही आणि काय म्हणून जायचं? "कडी कुठाय?" विचारल्यावर काय सांगायचं? मी सरळ गडहिंग्लजच्या गाडीवर गेले. दिवसभर तिकिटं फाडत होते आणि दर स्टॉपला घरी फोन करत होते. "पडली का?" "न्हाई अजून." मागच्या सीटवरच्या एका पावण्यांना वाटलं माझं काहीतरी सामान हरवलंय.

मंगळवारी खोकला वाढला. गल्लीतल्या डॉक्टरांनी हवा बदललीय म्हणून औषध दिलं. आम्ही कडीचं काही बोललो नाही. ती पोटात होती ना, खोकल्याचा तिच्याशी काय संबंध, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर समजूत पटत नव्हती. गौरी उजव्या कुशीवर झोपेना, पळेना, बोलता बोलता थांबायची. "काय हुतंय गं?" विचारलं की "काई न्हाई" म्हणायची.

बुधवारी सकाळी ताप एकशे दोन. आणि श्वास सोडताना छातीतनं बारीक शिट्टी. मी ड्युटीचे कपडे घातले होते. तशीच तिला उचलली आणि रिक्षात बसले.

मी खोटं बोलले

मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली. डावीकडं ऐकलं, उजवीकडं ऐकलं, परत उजवीकडं ऐकलं. मग विचारलं, "हिनं काही गिळलंय का? शेंगदाणा, मणी, खेळण्यातलं काही?"

"न्हाई ओ डॉक्टर, तसलं काई न्हाई," मी म्हटलं.

लगेच म्हटलं. विचारही केला नाही. गाडीत शेंड्यापासून बुडापर्यंत प्रवाशांचा खोटेपणा पकडणारी बाई मी, पोरीचा श्वास अडकलेला असताना डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलले. का? सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी तव्यापुढं उभी राहून मी काय बोलले ते सांगायला लागलं असतं. आजही लिहिताना कान तापतात माझे.

डॉक्टर कागदावर लिहायला लागले. तेवढ्यात दाराशी उभे असलेले गौरीचे पप्पा पुढं आले.

"गिळलंय डॉक्टर. दाताची कडी. सैल झालती, मी घरीच आवळून बसवली. रविवारी गेली, तवाच लई ठसका लागलता." एका दमात बोलले. लग्नाला अकरा वर्षं झाली, चारचौघांत ह्यांनी एवढं एका वेळी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एक्सरे आला. काळ्या फोटोत उजव्या छातीत कडी पांढरीशुभ्र दिसत होती, तारेसकट. पोटात नव्हतीच ती. तीन दिवस श्वासनळीत होती, आणि मी केळी चारत होते.

"दुर्बीण घालून काढू," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण भूल द्यावी लागेल. तारेचं टोक रुतलंय. बहुतेक निघेल."

"आणि न्हाई निघाली तर?"

"तर छाती उघडावी लागेल. पण तो विचार आत्ताच नको."

सहा वर्षांच्या पोरीची छाती. एका दुधाच्या दाढेसाठी.

व्हरांडा

तिला उपाशी ठेवलं. सिस्टरनी हाताला सुई लावली, ऑक्सिजनची नळी लावली, अंगावर हिरवा झबला चढवला. चाकाच्या गाडीवर घालून तिला व्हरांड्यात ठेवली, आतनं बोलावणं येईपर्यंत. आणि तिथं माझा बांध फुटला.

"समाधान झालं का आता?" मी ह्यांच्यावर तुटून पडले. "लई कारागीर! माणसाचं तोंड म्हंजे काय पैंजण हाय व्हय? पोरीला माझ्या काई झालं तर बघा, घरात पाऊल टाकू द्यायची न्हाई तुमाला!" अख्खा व्हरांडा बघत होता. एक म्हातारी "गप बाई, पोर ऐकतंय" म्हणाली. मी तिलाही सोडली नाही.

हे मान खाली घालून उभे होते. "तूच म्हणालीस बसवा म्हणून," असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला तरी मिळालं असतं. गौरी गाडीवरनं कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होती. मग दार उघडलं आणि तिला आत नेली.

संमतीच्या कागदावर सही करताना मला माझं आडनाव आठवेना.

पाऊण तास लागला. मी भिंतीला टेकून फरशीवरच बसले. शेजारी हे बसले, हातभर अंतर ठेवून. ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून नुसती दाबत होते, काळी पडलेली, बत्तीनं भाजलेली बोटं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याशिवाय तिथं बसवतही नव्हतं. मधेच एक सिस्टर पळत बाहेर आली, दुसरं काहीतरी सामान घेऊन पळत आत गेली. आम्ही दोघं उभे राहिलो. कुणी काही सांगेना. परत बसलो, तेव्हा मधलं अंतर राहिलं नव्हतं.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या हातात झाकणाची छोटी बाटली होती. "निघाली," म्हणाले. "थोडं सोललंय आत, पण निघाली. तिसऱ्या प्रयत्नात. अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं."

मी डॉक्टरांचे पाय धरायला गेले, ते मागं सरकले. ह्यांनी बाटली घेतली, उजेडाला धरली. पट्टीवर त्यांच्या चिमट्याचे चार वळ होते. त्यांनी ते बघितले, बाटली माझ्याकडं दिली आणि जिन्याकडं गेले. जिन्यातनं आलेला आवाज मी ओळखला, पण मागं गेले नाही. सगळ्यांदेखत त्यांना बोलले होते, रडायला तरी एकट्याला राहू दे म्हटलं.

जागी झाल्यावर

संध्याकाळी गौरी नीट जागी झाली. घसा बसलेला, आवाज घोगरा. पहिल्यांदा पाणी मागितलं. चमच्यानं दोन थेंब द्यायला परवानगी होती. सिस्टरनी दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही काही खाल्लंय का ताई?" आणि स्वतःच्या डब्यातली चपाती-भाजी माझ्या हातात ठेवली. त्यांचं नाव मी विचारलं नाही, इतकी मी भानावर नव्हते.

"मम्मी," गौरी म्हणाली, "आता टोचत न्हाई."

"टोचत हुतं व्हय?"

"व्हय. हितं." तिनं छातीवर बोट ठेवलं. "भडंग खाल्लं तवापासनं."

"मग सांगितलं का न्हाईस, बाळा? मी किती वेळा विचारलं तुला."

तिनं दाराकडं बघितलं. पप्पा नाहीत असं बघून हळू आवाजात म्हणाली, "तू पप्पांना लई बोलली असतीस."

तीन दिवस. सहा वर्षांचं पोर तीन दिवस छातीत लोखंड टोचत असताना गप बसलं होतं, कारण घरात कोण ओरडेल हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि दुपारी व्हरांड्यात, ती भुलीची सुई घ्यायला निघालेली असताना, मी तिला ते खरंही करून दाखवलं होतं. मला वाटलं होतं ह्या सगळ्यात माझी चूक म्हणजे ती दुधाची बाटली, चुकवलेली तारीख आणि तव्यापुढचं एक वाक्य. ही सगळ्यांत मोठी चूक मला कुणी दाखवलीच नव्हती.

मी तिच्या केसांतनं हात फिरवत राहिले. हातातली चपाती गार झाली.

पुढं

दुसऱ्या दिवशी दातांच्या मॅडम हॉस्पिटलात बघायला आल्या. गौरीला चित्रांचं पुस्तक आणलं होतं. मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मला फोन का केला नाही? मी रागावले असते, एवढंच ना?"

चार दिवसांनी घरी आलो. ह्यांनी पंधरा दिवस कामाला हात लावला नाही. चिमटा उचलायचे, ठेवायचे. शेवटी मीच त्यांच्या टेबलासमोर बसले आणि म्हटलं, "बसवा म्हणून मीच सांगितलं हुतं. डॉक्टरांना खोटं मी बोलले, खरं तुम्ही बोललासा. तुमी बोलला नसतासा तर पोरगी गेली असती." मी उठून आत गेले. थोड्या वेळानं बत्ती पेटवल्याचा आवाज आला.

महिन्याभरानं मॅडमनी नवी कडी बसवली. जागा थोडी आखडली होती, पण गेली नव्हती. आता तीन महिन्यांची तारीख मी डेपोतल्या रजेच्या अर्जासोबतच लिहून टाकते, साहेबाचं तोंड कसंही असो. तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की कडी सैल झाली तर काढून डबीत ठेवा आणि दवाखाना गाठा. घरात कितीही हुशार कारागीर असू दे. कडी दिसेना झाली आणि पोराला ठसका लागलेला असेल, तर केळी आणत बसू नका, एक्सरे काढा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर सांगा. लाज वाटली तरी सांगा.

ओरडायचं म्हणाल तर ते एका दिवसात सुटत नाही. मी अजून ओरडते. शेजारणी हसतात, म्हणतात, तुला गप बसणं सोसंना झालंय.

गेल्या आठवड्यात ड्युटीवरनं आले, अजून तिकिटाचं मशीन गळ्यात होतं, तर गौरी दारातच उभी. हात मागं बांधलेले. "मम्मी," म्हणाली, "माझ्याकडनं तुझी काचेची बरणी फुटली. लोणच्याची. सगळं लोणचं सांडलंय."

वर्षभराचं लोणचं होतं ते. माझं तोंड उघडलं. तिनं डोळे मिटून घेतले, पण जागची हलली नाही.

"लागलं न्हाई न्हवं कुठं?" मी विचारलं, आणि केरसुणी आणायला आत गेले.